तिसऱ्यांदा विचारल्यावर

‘पारख’ला चहा पाजता येत नाही, एवढं सोडलं तर त्या यंत्राला नाव ठेवायला जागा नाही, असं अर्चना खोराटे गमतीनं म्हणायच्या. ती गंमत एक दिवस त्यांच्याच अंगाशी आली.

खोराटे मॅडम कृष्णाकाठच्या एका विज्ञान महाविद्यालयात प्रवेश-पाहणी अधिकारी होत्या. दरवर्षी जूनअखेर सहाशे नवी मुलं यायची आणि वर्गात बसण्याआधी प्रत्येकाला मॅडमसमोर बसावं लागायचं. घरात माणसं किती, कोण काय करतं, घरातल्या कुणी याआधी कॉलेज पाहिलंय का, इथं का यावंसं वाटलं, घरचं कसं भागतं, मदत लागेल का. एकोणीस वर्षं मॅडमनी हे प्रश्न कागदी फॉर्म पुढ्यात घेऊन विचारले. मुलांची नावं त्या सर्रास विसरत, पण उत्तरं नाही. दहा-बारा वर्षांपूर्वीचा एखादा विद्यार्थी रस्त्यात भेटला तर त्या विचारत, “तुमची आजी कोंबड्या पाळायची ना रे?” आणि तो गडी जागच्या जागी विरघळायचा.

मग २०४१ साली पारख आलं.

काचेची एक लहान खोली होती. मुलानं आत बसायचं, एक गोड आवाज प्रश्न विचारणार, मुलानं तोंडी उत्तर द्यायचं. यंत्र तीन गोष्टी टिपायचं: उत्तर काय आलं, यायला किती वेळ लागला, आणि बोलताना आवाज कितपत हलला. मग ते हे सगळं जुन्या मुलांशी ताडून पाहायचं. आवाजाचं ज्ञान त्याला राज्यभरातल्या ध्वनिमुद्रणांतून मिळालं होतं, पण या भागातल्या मुलांची जाण आली होती ती खोराटे मॅडमच्या साडेनऊ हजार फॉर्मांतून. प्रत्येक फॉर्मसोबत त्या मुलाचं पुढं काय झालं हेही यंत्राला सांगितलेलं होतं. पदवी घेतली, की दुसऱ्या वर्षाच्या आतच कॉलेज सोडलं? कसली उत्तरं देणारी मुलं टिकतात आणि कसली गळतात, हे त्यानं त्यातून आपलं आपण शोधलं होतं. का गळतात, हे त्याला ठाऊक नव्हतं आणि त्याचं त्यावाचून अडतही नव्हतं. शेवटी शंभरपैकी एक आकडा यायचा. त्याला टिकाव-अंक म्हणत.

वसतिगृहात जागा दोनशे चाळीस, मागणारे दरवर्षी त्याहून तीस-चाळीस जास्त. तेव्हा नियम झाला की ज्यांचा टिकाव-अंक तीसच्या खाली, त्यांना वसतिगृह नाही. त्यांनी घरी बसून पडद्यावर तास ऐकायचे. याला ‘घरपोच वर्ग’ असं देखणं नाव दिलेलं होतं. पहिल्या वर्षी एकतीस मुलं घरपोच वर्गात गेली आणि त्यातल्या बावीस जणांनी वर्षाच्या आत शिक्षण सोडलं. यंत्र अचूक ठरलं. प्राचार्य डॉ. गिरीश मेंडके यांनी भर सभेत मॅडमना शाल-श्रीफळ आणि प्रमाणपत्र दिलं. “पारखचे डोळे म्हणजे खोराटे मॅडमचे डोळे,” असं ते म्हणाले. मॅडमनी ते प्रमाणपत्र टेबलाच्या काचेखाली सरकवलं. अभिमान वाटला, आणि का वाटू नये?

दुसऱ्या वर्षीची कच्ची यादी एका मंगळवारी लागली. पक्की यादी शुक्रवारी संध्याकाळी लागणार होती. दुपारी बारा वाजता मॅडमच्या दारात एक बाप आणि मुलगी उभी राहिली.

बाप उंच, काळसावळा, इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टातला. काखेत कातडी पेटी. जत तालुक्यातल्या पार टोकाच्या गावाहून पहाटे चारच्या एसटीनं दोघं आले होते. नाव बजरंग ऐवळे. लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचा, आणि बँडही त्याचाच होता.

“मॅडम, पोरीचं नाव खालच्या यादीत लागलंय,” तो म्हणाला. “आमची काय तक्रार न्हाई. चुकून लागलं असंल तर तेवढं बघा.”

“चुकून न्हाई, आप्पा,” मुलगी म्हणाली. तिचं नाव स्वरांजली. “यंत्रानं सव्वीस दिल्यात. बारावीला भौतिकशास्त्रात मला शहाण्णव पडल्यात. हे सव्वीस कशाचे, एवढं विचारायला आलोय मी.”

मॅडमना मुलगी एकदम आवडली. त्यांनी संगणकाच्या पडद्यावर तिची नोंद उघडली. उत्पन्न कमी आणि हंगामी. ‘का शिकायचं आहे?’ या प्रश्नावर अकरा सेकंद शांतता. ‘मदतीची गरज आहे का?’ उत्तर: नको. पारखनं या शेवटच्या उत्तरावर सगळ्यात जास्त अंक कापले होते.

“अकरा सेकंद का गं गप्प राहिलीस?”

“थंडीत आप्पांच्या क्लॅरिनेटचा सूर उतरतो,” स्वरांजली म्हणाली. “मार्गशीर्षातलं सकाळचं लग्न असलं की बाकीचा बँड एकीकडं आन् आप्पा एकीकडं. हवा गार झाली की नळीतला आवाज सावकाश पळतो, म्हणून होतं ते. पण सनईचा कमी उतरतो आन् क्लॅरिनेटचा जास्त, असं का? ते शिकायला आलेय मी. आता हे यंत्राला कुठनं सांगायला सुरुवात करायची, याचा विचार करत होते. तवर त्यानं पुढचा प्रश्न विचारला.”

“घरपोच वर्ग चालणार नाही का?”

बजरंग जरा ओशाळला. “घरात दोन खोल्या हायत, मॅडम. एकीत आमी. दुसरीत ढोल, ताशे आन् सकाळ-संध्याकाळ अकरा माणसं तालमीला. तिथं पडद्यातला मास्तर काय बोलतोय ते कुणाला ऐकू येणार?”

म्हणजे वसतिगृहाची जागा नाही तर या मुलीचं शिक्षणच नाही, हे मॅडमना समजलं. शुक्रवारपर्यंत तीन दिवस होते. त्यांनी सवयीनं थर्मासकडं हात नेला.

“चहा घ्या, ऐवळे.”

“नको नको. आत्ताच झाला स्टँडवर.”

स्टँडवरचं कँटीन दुरुस्तीसाठी महिनाभर बंद होतं.

“घ्या की अर्धा.”

“खरंच नको, मॅडम.”

“मी एकटी पीत नाही. ओतते.”

“बरं, द्या मग घोटभर,” बजरंग म्हणाला आणि त्यानं कपभर चहा दोन घोटांत संपवला. पहाटे चारपासून त्या माणसाच्या पोटात काही नव्हतं.

मॅडमच्या हातातला थर्मास मात्र हवेतच राहिला. पहिल्या विचारण्याला हो म्हणायचं नसतं. हे आपल्याकडं कुणी कुणाला शिकवत नाही, पण पाच वर्षांच्या पोरालाही ते पक्कं ठाऊक असतं. पाहुणा नको म्हणतो, घरचा आग्रह करतो, पाहुणा पुन्हा नको म्हणतो, आणि तिसऱ्यांदा विचारल्यावर खरं काय ते बाहेर येतं. चहाचं असं, मग मदतीचं काय? ज्याच्या घरात खरीच अडचण आहे तो तर पहिल्यांदा ठणकावून नको म्हणणार. आणि पारख एकदाच विचारत होतं.

“तुम्ही बसा,” मॅडम म्हणाल्या, “मी आलेच,” आणि जवळजवळ धावतच त्या तळघरातल्या दप्तरखान्यात गेल्या.

एकोणीस वर्षांचे गठ्ठे तिथं ओळीनं होते. मॅडमनी हाताला येईल तो फॉर्म उलटला. मागच्या बाजूला सूचना छापलेली होती: प्रत्येक प्रश्न एकदाच विचारावा, उत्तर जसंच्या तसं नोंदवावं, आग्रह करू नये. ही सूचना मॅडमनी एकोणीस वर्षांत एकदाही पाळली नव्हती. मदतीच्या प्रश्नावर मूल ‘नको’ म्हणालं की त्या पेन खाली ठेवायच्या. चहा ओतायच्या, पाऊसपाण्याचं बोलायच्या आणि परत विचारायच्या. परत नको आलं की बिस्किटाचा पुडा पुढं करून तिसऱ्यांदा. तेव्हा जे येई ते शाईनं लिहायच्या. हे तिसरं उत्तर आहे, असं मात्र त्यांनी कुठंच लिहिलं नव्हतं. लिहिण्यासारखं त्यात काही आहे, हेच त्यांच्या मनात कधी आलं नव्हतं. माणसाला विचारायचं म्हणजे असंच विचारायचं असतं.

त्यांनी उत्पन्न कमी असूनही ‘मदत नको’ लिहिलेले फॉर्म वेगळे काढायला घेतले. गठ्ठ्यामागून गठ्ठे गेले तेव्हा कुठं मूठभर हाती लागले, आणि त्यातली बहुतेक मुलं पुढं गळालेली. मॅडमना एकेकाचं उत्तर आठवत होतं. हा पोलीस भरतीला निघाला होता. हिचं दिवाळीत लग्न ठरलं होतं. ह्याला मामानं चाकणला कामाला बोलावलं होतं. ज्यांचा पाय आधीच दाराबाहेर होता, तीच मुलं तिसऱ्यांदाही नको म्हणाली होती. जायचंच आहे तर मदत कशाला घ्या, असा त्यांचा सरळ हिशेब होता.

पारखनं यातून अगदी बरोबर धडा घेतला होता: गरीब आहे आणि मदत नको म्हणतो, म्हणजे हा जाणार. फक्त तो धडा तिसऱ्या उत्तराचा होता आणि पारख तो पहिल्या उत्तराला लावत होतं. शिकताना शेर एक आणि मोजताना दुसरा. ज्या घरात स्वाभिमान जास्त, त्या घरातलं मूल तडकाफडकी नको म्हणणार आणि त्याच मुलाचे अंक कापले जाणार.

आणि गेल्या वर्षीची ती बावीस मुलं? त्यांना घरपोच वर्गात ढकललं, म्हणून त्यांनी शिक्षण सोडलं. ती गळाली म्हणून यंत्र अचूक ठरलं आणि यंत्र अचूक ठरलं म्हणून मॅडमना शाल मिळाली.  मॅडम तिथल्याच एका गठ्ठ्यावर बसल्या. इतकी लाज त्यांना आयुष्यात कधी वाटली नव्हती.

‘निरोप पाठवते’ म्हणून ऐवळे बाप-लेकीला घरी धाडून मॅडम प्राचार्यांकडं गेल्या. प्राचार्य मेंडके माणूस वाईट नव्हते. वयानं मॅडमपेक्षा दहा वर्षांनी लहान, हुशार आणि पारखवर जीव असलेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

“म्हणजे पारख चुकतंय, असं म्हणायचंय तुम्हाला?”

“पारख बरोबर आहे, सर. त्याला मी चुकवलंय.”

“मॅडम, हेच यंत्र आता आणखी चौदा कॉलेजं घेतायत. आपल्या फॉर्मांच्या भरवशावर. तुम्ही नियमाबाहेर जाऊन फॉर्म भरले, हे मला विद्यापीठाला कळवावं लागेल. चौकशी लागेल. तुमची चार वर्षं राहिलीत फक्त. हे सगळं लेखी द्याल?”

प्रमाणपत्र अजून काचेखालीच होतं. एकोणीस वर्षांचं नाव होतं, आणि ते नाव म्हणजेच मॅडमची सगळी कमाई होती. गप्प बसल्या असत्या तर कुणाला कधी पत्ता लागला नसता. एक क्षण त्यांच्या मनात तसं येऊनही गेलं.

“कागद द्या,” त्या म्हणाल्या.

त्यांनी दीड पान लिहिलं, खाली सही केली आणि मग मान वर केली. “आता माझंही एक ऐका. तीसच्या खाली या वेळी चव्वेचाळीस मुलं आहेत. शुक्रवारच्या आत ती सगळी मला इथं हवीत. मी माझ्या पद्धतीनं विचारते, तुम्ही शेजारी बसा. माझं खोटं निघालं तर यादी आहे तशी लावा.”

मेंडकेंनी तो कागद दोनदा वाचला. “बोलवा,” ते म्हणाले.

बुधवार आणि गुरुवार, दोन दिवस मॅडमच्या खोलीत थर्मास रिकामे होत होते आणि भरत होते. मुलं यायची, खुर्चीच्या कडेवर टेकायची आणि नको म्हणायची. मॅडम पेन खाली ठेवायच्या. काही जण दुसऱ्या वेळी हो म्हणाले, बरेचसे तिसऱ्या वेळी. कवठ्याचा एक मुलगा तिसऱ्या वेळी एकदम रडायलाच लागला आणि रडता रडता त्यानं पाच बिस्किटं खाल्ली. मेंडके पहिले दोन तास घड्याळ बघत होते. नंतर त्यांनी घड्याळ काढून खिशात टाकलं आणि दुपारनंतर चहा तेच ओतू लागले.

एकोणचाळीस मुलांनी हो म्हटलं. पारखमध्ये नवी उत्तरं घातली आणि त्यांचे अंक सरसर वर गेले, कुणाचे साठ, कुणाचे ऐंशी. चौघांनी तिसऱ्यांदाही नको म्हटलं आणि जाता जाता आपणहून हसून सांगितलं की दोघं सैन्यात चाललेत आणि दोघांना दुसरीकडं प्रवेश मिळालाय. मॅडमचा हिशेब तंतोतंत जुळला. मेंडके उठून उभे राहिले. “मॅडम, कमाल आहे,” ते म्हणाले आणि मनापासून म्हणाले.

चव्वेचाळिसावी स्वरांजली ऐवळे. गुरुवारी संध्याकाळी ती एकटीच आली.

“मदत लागेल का गं?”

“नको, मॅडम.”

चहा झाला, क्लॅरिनेटचं बोलणं झालं. “थोडीफार तरी?”

“नको.”

मॅडमनी बिस्किटं पुढं केली.  “परत विचारते, बाळ. नीट विचार करून सांग. मदत हवी का?”

“नको,” स्वरांजली म्हणाली. आवाज जराही हलला नाही.

 मेंडकेंनी उत्तर पारखमध्ये घातलं. तिसऱ्यांदाही ठाम नको आल्यानं सव्वीसाचे नऊ झाले.

“मॅडम,” ते हळूच म्हणाले, “तुमच्याच नियमानं ही जाणार.”

मॅडमनी पेन खाली ठेवलं. एकोणीस वर्षांत जो प्रश्न फॉर्मवर कधी नव्हता, तो त्यांनी विचारला. “का नको?”

“पैसे हायत आमच्याकडं,” स्वरांजली म्हणाली. “मी पाचवीत असताना आमच्या चुलत्यांनी बँडात पैशांचा एक डबा केला. अकराही जणांनी वर्षातनं एका लग्नाचे पैसे त्यात टाकायचे, माझ्या शिक्षणाला. आठ वर्षं झाली, एकानं चुकवलं न्हाई. ढोलवाले नाना गेल्या वर्षी वारले, तर त्यांच्या पोरानं टाकले. आता मी मदत घेतली तर त्या अकरा जणांना काय वाटंल? मला फुकटचं काय नको, मॅडम. जागा पाहिजे. टेबल-खुर्ची आन् शांतता. त्याचे पैसे आमी भरू.”

 आपण यंत्राला नावं ठेवत होतो आणि स्वतः तरी काय वेगळं करत होतो, असं मॅडमना वाटलं. तीन नकारांत सगळी माणसं मावतात, हे आपण तरी कुठून आणलं?

“सर, जुन्या फॉर्मवर खाली शेऱ्याचा रकाना असायचा.”

“तो आपणच काढला. यंत्राला सगळी उत्तरं एका साच्यातली लागतात.”

“मग मी कागदावर लिहिते. यंत्राला नसेल वाचायचा तर नसू दे, तुम्ही वाचा.” आणि त्यांनी लिहिलं: ‘तीनदा विचारलं. तीनदा नको म्हणाली. कारण ऐकलं. ही मुलगी शिकणार. जागा द्यावी. जबाबदारी माझी. अ. खोराटे.’

मेंडकेंनी कागद आपल्याकडं ओढला. मग त्यांनी खिशातलं पेन काढलं, ‘जबाबदारी माझी’मधलं ‘माझी’ खोडलं, वर ‘आमची’ लिहिलं आणि सही केली.

खोल्यांत जादा खाटा टाकून चाळीसही जणांची सोय झाली. पुढं चौकशी झाली. मॅडमची एक वेतनवाढ थांबली आणि ‘कारणे दाखवा’ची नोटीस आली. ती त्यांनी टेबलाच्या काचेखाली प्रमाणपत्राशेजारीच ठेवली. येणाऱ्या-जाणाऱ्याला त्या ती हौसेनं दाखवायच्या. गेल्या वर्षीच्या बावीस मुलांना त्यांनी स्वतः फोन केले. सात परत आली. पंधरा आली नाहीत, आणि त्या पंधराजणांची उत्तरं मॅडमना अजूनही पाठ आहेत. पारख बनवणारे पुण्याहून आले, आठ दिवस मॅडमसमोर बसले आणि चहा पिऊन गेले. आता पारख तीनदा विचारतं, मध्ये इकडचं तिकडचं बोलतं, नको आलं की का ते विचारतं आणि शेवटी शेऱ्याचा रकाना माणसासाठी मोकळा सोडतं. चहाचं त्यांना काही जमलं नाही. म्हणून काचेच्या खोलीबाहेर थर्मास ठेवतात.

चार वर्षांनी पदवीदान आणि मॅडमची निवृत्ती एकाच आठवड्यात आली. त्या दिवशी सकाळी कॉलेजच्या फाटकात लाल कोटातला अख्खा बँड उभा होता, पुढं बजरंग. प्रत्येकाच्या वाद्याच्या पेटीत एक छापील कोष्टक चिकटवलेलं: किती थंडीत कुठल्या वाद्याचा सूर किती उतरतो आणि तो कसा सावरायचा. आटपाडीपासून विजापूरपर्यंतचे बँडवाले आता ते मागून नेत होते. खाली बारीक अक्षरात नाव होतं, स्वरांजली बजरंग ऐवळे. झगा आणि टोपी घालून ती बापाशेजारी उभी होती. पुढच्या शिक्षणासाठी तिला बंगळूरला जायचं होतं. पारखच्या नोंदीत तिच्या नावापुढं अजून नऊच होते. ते बदलायचे नाहीत, असं मेंडकेंनी बजावून ठेवलं होतं. नव्या मुलांना ते तीच नोंद दाखवायचे.

मॅडमना पाहताच बँडनं असा काही सूर धरला की फाटकावरची कबुतरं उडाली. गाणं संपलं तेव्हा मॅडमनी डोळे पुसले आणि पर्समधून एक पाकीट काढलं.

“ऐवळे, अकरा माणसांचा बँड घेऊन आलात. ऐन लग्नसराईचा दिवस मोडलात. सुपारी घ्यावी लागेल.”

“नको, मॅडम.”

“कॉलेजचे नाहीत, माझे आहेत. घ्या, मला बरं वाटेल.”

“नको.”

मॅडम हसल्या. त्यांनी पाकीट तसंच पुढं धरलं. “तिसऱ्यांदा विचारते हं, ऐवळे.”

बजरंगनं एकदा लेकीकडं पाहिलं, मग मागं उभ्या असलेल्या दहा जणांकडं. त्यानं कोटाची कॉलर नीट केली आणि क्लॅरिनेट ओठांशी नेता नेता थांबला.

“नको,” तो म्हणाला. “आता लिवा.”